शेतातल्या ब्रुअरीवर डिस्क गोल्फ: पहिल्या फेरीआधी

फार्म ब्रुअरीच्या अंगणात पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुरणातले ते लोखंडी खांब कोड्यात टाकतात. वरून साखळ्या लोंबतायत, खाली उथळ टोपली, आणि असे खांब लांबलांब विखुरलेले. मग कोणीतरी हातातली डिस्क भिरकावतं, ती हवेत वळण घेत जाते, साखळ्या खळ्ळकन वाजतात आणि डिस्क टोपलीत बसते. बाकांवर बसलेल्यांपैकी काही जण तेवढ्यावरच उठून काउंटरवर चौकशी करायला जातात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

नवख्याने सुरुवात करायला मला स्पर्धेच्या कोर्सपेक्षा अशी शेतातली नऊ होल्स (पहिल्या फेकीच्या जागेपासून एका खांबापर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल) जास्त योग्य वाटतात. अंतरं कमी असतात, मागून कोणी घाई करत नाही, चुकलं तर हसून पुढे जाणारी माणसं असतात. एक गोष्ट मात्र पहिल्या फेकीपासून सांभाळावी लागते: हात जेवढा जोर लावायला बघतो, त्यापेक्षा कमी जोर लावायचा. डिस्क नीट उडायला तेच लागतं, आणि ज्या शेतात आपण उभे असतो त्यालाही तेच लागतं.

जागा ओळखा

बिअरसाठी लागणारं काही ना काही, म्हणजे बार्ली, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलाची फुलं), फळं, मध, जिथल्या जमिनीत पिकतं आणि बिअरही तिथेच बनते, ती फार्म ब्रुअरी. अमेरिकेत हा प्रकार वाढला त्याला कायद्याचाही हातभार लागला. न्यूयॉर्क राज्याने २०१२ साली फार्म ब्रुअरीचा वेगळा परवाना देणारा कायदा केला. अट अशी, की हॉप्स आणि इतर कच्च्या मालाचा ठरावीक वाटा राज्यातच पिकलेला हवा. सुरुवातीला हा वाटा किमान २० टक्के होता, पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायचा होता. म्हणजे अशा ठिकाणी शेत हा देखावा नसतो, त्यावर परवाना अवलंबून असतो.

बास्केट, म्हणजे साखळ्या-टोपलीचे ते खांब, बहुतेकदा तिथे उभ्या केलेल्या असतात जिथे नांगर चालत नाही: उताराची कुरणं, बागेच्या कडा, झाडीची पट्टी, तळ्याचा काठ. त्यामुळे कोर्स वेडावाकडा असतो. टी, म्हणजे होलची पहिली फेक जिथून करायची ती जागा, सिमेंटचा चौथरा असेलच असं नाही. दोन रंगवलेले दगड, एखादी फळी किंवा गवतात ठोकलेला झेंडा एवढंच असतं. शेताचं काम निघालं की बास्केट हलवतातही. म्हणून मागच्या महिन्यात मित्राने पाठवलेल्या नकाशावर विसंबून राहू नका.

खेळ काय आहे

गोल्फसारखाच. टीवरून फेकायचं, डिस्क पडेल तिथून पुढची फेक, आणि बास्केटमध्ये जाईपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचं. सगळ्या होल्सची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला. होलवर लिहिलेला पार म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फेकी. छोट्या कोर्सवर तो जवळजवळ सगळीकडे ३ असतो. पहिल्या दिवशी पार विसरा. प्रत्येक होलला पाच-सहा फेकी लागल्या तर ते अगदी साहजिक आहे.

या खेळाला आजचं रूप दिलं ते एड हेड्रिक यांनी. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत त्यांनी काम केलं होतं. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमचा कोर्स आखला, १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन म्हणजे पीडीजीए सुरू केली. आधी निशाण्याला नुसते खांब असत, आणि डिस्क खांबाला लागली की नुसती जवळून गेली यावर वाद घालायला भरपूर जागा होती. साखळ्यांच्या बास्केटने तो वाद मिटवला. तिचं पेटंट त्यांना १९७७ साली मिळालं. टोपलीत किंवा साखळ्यांत अडकून राहिली तर डिस्क आत. बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली तर नाही, अजून एक फेक.

डिस्क निवडताना

समुद्रकिनाऱ्यावर खेळायची फ्रिस्बी घेऊन येऊ नका. गोल्फची डिस्क लहान असते, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, आणि त्या मानाने जड. बहुतेक डिस्क १५० ते १७५ ग्रॅमच्या असतात. कडेची धार तिरकी केलेली पहिली डिस्क, डिस्क बनवणारे डेव्ह ड्युनिपेस यांनी १९८३ साली आणली, आणि तेव्हापासून डिस्क हवा कापत लांब जाऊ लागल्या.

तीन जाती लक्षात ठेवा. पटर जाड कडेचा, हळू जाणारा, सरळ. मिडरेंज त्याहून थोडी पातळ. ड्रायव्हर सगळ्यांत पातळ, धारदार, वेगवान. दुकानात नवखा माणूस हात घालतो तो ड्रायव्हरलाच, कारण लांब जाणारी डिस्क तीच असं त्याला सांगितलेलं असतं. पण ड्रायव्हर उडण्यासाठी हाताला फार वेग लागतो. तो वेग नसेल तर डिस्क थोडं अंतर जाते, झपकन डावीकडे वळते आणि जमिनीवर आपटते. त्यातून तिची धार पातळ, म्हणजे कोणाला लागली तर जखम होते. माणसं, मुलं, गुरं आणि काचेचे पेले जवळपास असलेल्या जागी ती नकोच. एक पटर आणि एक मिडरेंज, एवढ्यावर नऊ होल्स आरामात होतात. मी आजही शेतातल्या कोर्सवर ड्रायव्हर गाडीतच ठेवतो.

बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, वेगात असतानाचं वळण, आणि वेग ओसरल्यावरचं वळण. इंग्रजीतले स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड हेच शब्द खेळाडूंच्या तोंडी असतात. पहिला आकडा २ ते ५ मधला असेल तर डिस्क तुमच्यासाठी आहे. ९ किंवा १२ दिसला तर परत ठेवा. चौथा आकडा ० किंवा १ असला तर डिस्क शेवटी फारशी वळणार नाही. उदाहरणार्थ, इनोव्हा कंपनीचा एव्हिआर हा पटर २, ३, ०, १ असा आहे. डिस्क्राफ्टची बझ ही मिडरेंज ५, ४, उणे १, १. दोन्ही वर्षानुवर्षं खेळल्या जाणाऱ्या आणि नवख्या हाताला सांभाळून घेणाऱ्या आहेत.

रंगाचा विचार गंमत म्हणून करू नका. उंच गवतात हिरवी, पिवळी, पांढरी डिस्क तीन पावलांवरूनही दिसत नाही. गुलाबी किंवा झगझगीत निळी घ्या. पानगळीच्या दिवसांत लाल आणि नारिंगीही पाचोळ्यात विरघळून जातात. डिस्कच्या खालच्या बाजूला न पुसणाऱ्या पेनने फोन नंबर लिहा.

बाकी सामान थोडं: पकड असलेले बंद बूट, पाण्याची बाटली, दव पडलेल्या गवतातून आलेली डिस्क पुसायला एक फडकं, टोपी. आणि गवत गुडघ्यापर्यंत असेल तर लांब मोजे. गोचिडी अशाच गवताच्या टोकांवर बसून वाट बघतात, आणि उत्तर अमेरिका व युरोपात त्यांच्यातल्या काही लाइम रोग पसरवतात. घरी गेल्यावर घोटे, गुडघ्यांमागचा भाग आणि कंबर तपासा.

आधी काउंटर, मग टी

गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर जाऊ नका. काउंटरवर जा आणि विचारा: आज कोर्स सुरू आहे ना? शेतात कापणी, फवारणी, लग्नकार्य किंवा गवत कापायचं यंत्र असेल तर काही होल्स बंद ठेवतात. कुठली जमीन अजिबात ओलांडायची नाही? पेला कुठपर्यंत नेता येतो? कुत्रा आणला तर चालेल का? उसन्या डिस्क मिळतात का? पुष्कळ ठिकाणी मिळतात, ओळखपत्र ठेवून.

नकाशा कागदावर मिळाला तर छान, नाहीतर यूडिस्क नावाच्या ॲपवर जगभरातले कोर्स आणि त्यांच्या होल्सचे नकाशे असतात, स्कोअरही त्यातच ठेवता येतो. अमेरिकेतल्या पाट्यांवर अंतर फुटांत असतं. २०० फूट म्हणजे ६१ मीटर, ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, एवढं पाठ ठेवलं की पुरतं. नवख्या हाताची नीट सुटलेली पटर ३० ते ४५ मीटर जाते, म्हणजे ६० मीटरच्या होलला दोन फेकींत तुम्ही बास्केटजवळ असता. यात काही कमी नाही.

फेकायला शिका, पंधरा मिनिटं

पहिल्या होलवर शिकत बसण्यापेक्षा मोकळ्या कोपऱ्यात किंवा सरावाच्या बास्केटपाशी पंधरा मिनिटं घालवा. त्यातली पहिली पाच जवळून टाकण्यासाठी. बास्केटपासून चार-पाच पावलांवर उभे राहा, डिस्क पोटासमोर सपाट धरा आणि साखळ्यांच्या मधल्या एकाच कडीकडे बघत हात पुढे सोडा. संपूर्ण बास्केटकडे बघितलं की डिस्क बास्केटच्या आसपास जाते. एका कडीकडे बघितलं की बास्केटमध्ये जाते. फेकल्यानंतर हात तसाच निशाण्याकडे, हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहिला पाहिजे.

मग लांबची फेक. मी इथे उजव्या हाताचा बॅकहँड सांगतो. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.

अंगठा डिस्कच्या वर, मधली बोटं खाली पसरलेली, तर्जनी कडेला टेकलेली. पकड घट्ट हवी, पण हाताचे स्नायू ताठ नकोत. निशाण्याकडे उजवा खांदा करून उभे राहा, पाय खांद्यांएवढे फाकलेले. धावत येऊन फेकणारे खेळाडू दिसतील. त्यांचं आज अनुकरण करू नका, जागेवर उभं राहूनच फेका. डिस्क मागे न्या, तेव्हा खांदेही मागे वळू द्या, डोळे क्षणभर निशाण्यावरून हटले तरी चालतं. आता दोरी ओढून इंजिन चालू करतो तसा कोपर पुढे काढत हात छातीजवळून सरळ रेषेत ओढा. डिस्क अंगाभोवती गोल फिरवून फेकली की ती उजवीकडे निघून जाते. नवख्यांची सगळ्यांत जास्त चूक हीच असते. मनगट अगदी शेवटी सुटतं, ओला टॉवेल झटकताना सुटतं तसं. जोर तिथून येतो, खांद्यातून नाही.

डिस्क सुटताना सपाट हवी. तिच्यावर पाणी असतं तर सांडलं नसतं, इतकी सपाट. विशेषतः पुढची कड वर जाऊ देऊ नका. ती वर असली की डिस्क पतंगासारखी वर चढते, हवेत थबकते आणि डावीकडे कलंडून मागे येते. असं तीनदा लागोपाठ झालं तर आणखी जोर लावू नका. मनगट किंचित खाली दाबा, निशाण्याऐवजी बास्केटच्या अलीकडच्या गवताकडे फेकल्यासारखं करा आणि निम्म्या ताकदीने सोडा. बहुतेक वेळा डिस्क पहिल्यापेक्षा लांब जाते. मला हे पटायला बरेच महिने लागले, कारण जोर कमी केल्यावर अंतर वाढतं हे हाताला पटतच नाही. पण उडणाऱ्या डिस्कला दोन गोष्टी लागतात, फिरकी आणि योग्य कोन. ताणून फेकताना हे दोन्ही बिघडतात.

उजव्या हाताच्या बॅकहँडने डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे वळते. हा तिचा स्वभाव आहे, तुमची चूक नाही. म्हणून नेम बास्केटच्या थोडा उजवीकडे धरा. डिस्कची बाहेरची कड खाली झुकवून सोडली तर ती आणखी डावीकडे जाते, त्याला हायझर म्हणतात. ती कड वर ठेवली तर उजवीकडे, तो अनहायझर. झाडाला वळसा घालायला हे दोन उपयोगी पडतात. फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून बाजूने मारलेली फेक, तळ्यात चपटा दगड फेकून भाकऱ्या काढतो तशीच असते. ज्यांचा हात त्यात बसला आहे त्यांना ती बॅकहँडपेक्षा लवकर जमते. तिचं शेवटचं वळण उजवीकडे असतं.

शेतात वाऱ्याला अडवायला काही नसतं, म्हणून चिमूटभर गवत हवेत सोडून बघायची सवय लावा. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडे कलते. खालून, सपाट आणि मऊ फेका. मागून वारा असेल तर ती लवकर खाली बसते आणि डावीकडे जास्त वळते. जरा उंच सोडा. आडव्या वाऱ्यात ज्या बाजूची कड वर राहील तिच्याखाली वारा शिरतो आणि डिस्कला वाहून नेतो.

होल खेळताना

पहिल्या टीवर कोणीही सुरुवात करा. पुढच्या होल्सवर मागच्या होलला ज्याचा स्कोअर सगळ्यांत कमी, तो आधी फेकतो. टीनंतर बास्केटपासून जो सगळ्यांत लांब, तो आधी. या नियमामागे सुरक्षितताही आहे, कारण फेकणाऱ्याच्या पुढे कोणी राहत नाही. चौघांच्या गटाला नऊ होल्स खेळायला तास ते दीड तास धरा.

डिस्क जिथे थांबली ती तुमची लाय. डिस्क तशीच राहू द्या, तिच्या लगेच मागे पाय ठेवा आणि दुसरी डिस्क फेका. पीडीजीएच्या नियमांत ही जागा २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असते, आणि डिस्क हातातून सुटताना तुमचा पाय तिच्यात टेकलेला हवा. बास्केटच्या १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून मगच पुढे पाऊल टाकायचं; डिस्कच्या मागे झोकून द्यायचं नाही.

डिस्क हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड, आणि जिथून ती बाहेर गेली तिथे हद्दीच्या आत एक मीटरपर्यंत येऊन पुढे खेळायचं. झाडात अडकली तर तिच्या खालच्या जमिनीवरून खेळा. कोर्सने वेगळं सांगितलं नसेल तर दंड नाही. पाटीवर एखाद्या झाडाच्या विशिष्ट बाजूनेच जायचा बाण असेल तर तो मँडो, आणि शेतावर तो सहसा पिकाला किंवा रस्त्याला वाचवण्यासाठीच घातलेला असतो. लायवर मधमाश्या घोंगावत असतील किंवा गाय उभी असेल तर बास्केटपासून लांब जाणाऱ्या सरळ रेषेत मागे सरका. याला दंड नाही.

हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटं असतात. नवख्यांच्या गटाला मी एक वेगळी सवय सुचवेन: फेकणाऱ्याशिवाय बाकी सगळ्यांनी डिस्क पडेपर्यंत नजर हलवायची नाही, आणि ती पडली त्याच्या मागचं झाड किंवा खांब मनात धरायचा. लगेच गप्पांकडे वळणाऱ्या गटाच्या डिस्क हरवतात.

दोघे किंवा चौघे अगदीच नवे असाल तर जोडीने खेळा. दोघांनी फेकायचं, त्यातली बरी डिस्क निवडायची आणि पुढची फेक दोघांनी तिथूनच करायची. वाईट फेक जोडीदार सावरून घेतो, खेळ झपाट्याने सरकतो, आणि मुलांनाही कंटाळा येत नाही.

हे शेत आहे

हॉप्सपासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे सगळ्यांत जास्त होतं. हॉप्सचे वेल दरवर्षी जमिनीपासून नव्याने फुटतात आणि पाच-सहा मीटर उंच दोऱ्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेटोळे घेत चढतात. उत्तर गोलार्धात त्यांची तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये असते. त्याआधी वेल तुटला तर त्याचं वर्षाचं पीक गेलं. माझी एक मिडरेंज एकदा अशा ओळीत शिरली. दोन वेलांच्या मधून हात घालून मी ती ओढली, आणि तिच्यात अडकलेला वेल दोरीसकट खाली आला. मी आत जाऊन सांगितलं, माफी मागितली. शेतकरी रागावला नाही, पण तो वेल उचलून बघत होता तेव्हाचा त्याचा चेहरा माझ्या लक्षात राहिला आहे. तेव्हापासून हॉप्समध्ये गेलेली डिस्क मी स्वतः काढत नाही, काउंटरवर सांगतो. वेलांच्या आकड्यासारख्या केसांनी हातही सोलवटतात, ते वेगळंच.

उभ्या बार्लीत डिस्क गेली तर एकच नियम: सगळा गट शोधायला शिरायचा नाही. तुडवलेलं पीक पुन्हा उभं राहीलच असं नाही. फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पातळ तार आणि तिच्यावर इन्सुलेटर दिसले की कुंपणात वीज आहे असं धरून चाला, खाली वाकून हात घालू नका. ब्रुअरीत उरलेला चोथा बऱ्याच ठिकाणी गुरांना घालतात, त्यामुळे कुरणात गुरं असणं नेहमीचं आहे. ती खेळाच्या वाटेत असतील तर थांबा, लांबून जा. वासरू असलेल्या गायीच्या जवळ अजिबात जाऊ नका. तळ्यात गेलेली डिस्क सहसा बुडते. तळ्याचा काठ निसरडा असतो आणि खोली कळत नाही; ती डिस्क गेली असं समजा.

कुत्रा घेऊन येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. ताजे असोत, सुकलेले असोत की बिअर उकळून उरलेला हॉप्सचा गाळ असो, खाल्ल्यावर शरीराचं तापमान धोकादायक वाढू शकतं आणि कुत्रा दगावूही शकतो. कुत्रा दोरीवर ठेवा आणि त्याने काही चघळलं अशी शंका आली तरी लगेच पशुवैद्य गाठा.

शेतातल्या कोर्सवर खेळणारे आणि न खेळणारे एकाच गवतात असतात. कोणी चटई टाकून बसलेलं असतं, मुलं बास्केटच्या साखळ्या वाजवत असतात. त्यांना ती खेळणीच वाटतात. उडणारी डिस्क कशी आणि कुठून येईल याची त्यांना कल्पना नसते. त्यामुळे ते हलतील म्हणून फेकायचं नाही. जवळ जाऊन सांगा, किंवा ते होल सोडून पुढे जा. मैत्रीच्या फेरीत एक होल गाळलं तर काहीही बिघडत नाही. फेक भरकटली तर "फोर!" (म्हणजे सांभाळा) असं जोरात ओरडा, लाजू नका. बास्केट दिसत नसेल अशा उतारावर आधी एकाला पुढे पाठवून वाट मोकळी आहे का बघा. मागचा गट वेगाने येत असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या.

बिअर कधी

माझं स्पष्ट मत: फेरीनंतर. नऊ होल्स म्हणजे तासभर उन्हात, उतारावर चालणं आहे, आणि त्यात तहान बिअरने भागत नाही. दोन पेल्यांनंतर डिस्क सोडण्याची वेळ चुकायला लागते. खेळाडूला त्याचा पत्ता लागत नाही, पण बाजूला बसलेल्यांना लागू शकतो. मधेच हवी असेल तर पाचव्या-सहाव्या होलला अंगणाजवळून वाट जाते का बघा, तिथे थांबून एक छोटा पेला घ्या आणि तो तिथेच संपवा. पेला कोर्सवर नेऊ नका. परवान्यात बिअर कुठपर्यंत नेता येते याची हद्द आखलेली असते, ती मोडली तर अडचणीत ब्रुअरी येते. शिवाय गवतात फुटलेली काच पुढे गुरांच्या तोंडात किंवा कोणाच्या अनवाणी पायात जाते. स्वतःची बिअर बाहेरून आणणं तर नकोच.

फेरीनंतर काय प्यावं हे ठरत नसेल तर फ्लाइट मागवा, म्हणजे चार-पाच प्रकार साधारण १२० ते १५० मिलिलिटरच्या छोट्या पेल्यांत येतात. सेझाँ असेल तर ती जरूर चाखा. बेल्जियमच्या वालोनिया भागातली ही शेतावरची बिअर, थंडीत बनवून उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना द्यायची अशी तिची ओळख आहे. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, किंचित मिरमिरीत, उन्हातून आल्यावर फार छान लागते. मात्र आज मिळणारी सेझाँ बहुतेकदा ५ ते ७ टक्के अल्कोहोलची असते, हलकी समजून पिऊ नका. फ्लाइटमधले चार पेले मिळून दीड बिअरएवढे होतात. अशी ठिकाणं गावापासून लांब असतात, त्यामुळे परतीची गाडी कोण चालवणार हे निघण्याआधीच ठरवा आणि त्या माणसाने अजिबात पिऊ नये. खेळायला मात्र बिअर पिणं जरुरीचं नाही. न पिणाऱ्याने सोडा किंवा सायडरचा बिनअल्कोहोल प्रकार घेतला, थोडा वेळ बसून काही खाल्लं, तरी कोर्स ठेवणाऱ्यांचा मान राहतो.

शेवटचं होल

नववी बास्केट बऱ्याचदा अंगणाच्या तोंडाशीच असते, आणि तिथे बसलेले सगळे तुमच्याकडे बघत असतात. नेमक्या तेव्हाच हात जोर मागतो. पटर घ्या, बास्केटच्या दहा-बारा मीटर अलीकडे पडेल अशी मऊ फेक करा, चालत जा आणि जवळून टाका. बास्केट उतारावर असेल तर जोरात मारलेली आणि चुकलेली डिस्क कडेवर उभी राहून बाकांपर्यंत घरंगळत जाते. साखळ्यांत पडली की डिस्क काढून घ्या आणि बाजूला व्हा. स्कोअर तिथेच उभं राहून लिहू नका, मागचे थांबलेले असतात.

उसन्या डिस्क मोजून, चिखल पुसून काउंटरवर ठेवा. हरवली असेल तर कुठल्या होलला आणि कुठल्या बाजूला ते सांगा; गवत कापणाऱ्याला ती सापडते. दुसऱ्याची डिस्क मिळाली आणि मागे नंबर असला तर त्याच संध्याकाळी त्याला फोन करा.